मायनं कडी काढली

चकाल्याच्या आमच्या गावठाणात अजूनही कुणी ग्रहणाचा विषय काढला की शेजारचा अल्फान्सो छाती पुढे काढून सांगतो, "आपण दारं लावून जपमाळ केली म्हणून गाव वाचलं." मी समोर असले की मात्र त्याचं तोंड बंद. कारण दार कुणी लावलं, कुणी उघडलं आणि वाचलं कोण, हे मला पक्कं माहीत आहे. दाराच्या आत मीच होते ना. आज सांगूनच टाकते. माझी लाज निघेल, निघू दे.

ऐंशी सालची गोष्ट. मी कार्मेन, लग्न होऊन चार वर्षं झालेली, पदरात तीन वर्षांची फिलू. नवरा जॉन विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. आणि सासू सेराफिना. तिला आम्हीच काय, सगळी वाडी माय म्हणायची. साठी उलटलेली, विधवा, काटक बाई. लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसायची आणि भल्या सकाळी वाडीतल्या क्रुसाभोवती झाडून घ्यायची. लिहिता-वाचता अजिबात येत नव्हतं, पण प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. मी दहावी झालेली, त्यामुळे मला फार शिंगं फुटली होती. घरात आमची बोली वेगळी असते, पण तुम्हाला कळेल अशीच सांगते.

आमच्या घराची मागची खोली भाड्यानं दिली होती. कोकणातलं जोडपं, गुणाजी आणि सुलक्षणा. गुणाजी मरोळच्या एका कारखान्यात. सुलक्षणा जेमतेम वीस वर्षांची, पहिलटकरीण, नववा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण पोटात बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एसटीचा प्रवास बिलकुल करायचा नाही आणि कळा सुरू झाल्या की घरात पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं. म्हणून पोरगी इथंच राहिली. मायला ती मावशी म्हणायची. रोज दुपारी आमच्या ओट्यापाशी बसून मायकडून पाय चोळून घ्यायची आणि मालवणीत बडबडायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत शनिवारी दुपारी सूर्यग्रहण येणार होतं. आमचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या अगदी चार दिवस आधी. मुंबईत पूर्ण लागणार नव्हतं, पण सूर्य बराचसा झाकला जाणार म्हणत होते. हिंदू शेजाऱ्यांचे वेध, सोवळं, गरोदर बाईनं हलायचं नाही, चिरायचं नाही, ते सगळं सुरू झालं. त्यात आमच्याकडे अल्फान्सोनं एक पत्रक आणलं. मशीनवर काढलेलं, शाई हाताला लागायची. त्यात लिहिलं होतं की जगाच्या न्यायाची वेळ आली आहे, तीन दिवस काळोख पडेल. त्या काळोखात फक्त मेणबत्तीच्या सणाला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आशीर्वाद दिलेली मेणबत्ती जळेल. विश्वासूंनी दारं-खिडक्या बंद करून आत प्रार्थना करावी, देव त्यांना राखील. बाहेर बघेल तो जागच्या जागी मरेल. दार कुणालाही उघडू नये, कारण सैतान ओळखीच्या माणसांच्या आवाजात हाक मारील. आणि ज्या घराचं दार उघडलं जाईल त्या घरातलं कुणी वाचणार नाही.

फादरनी रविवारी स्पष्ट सांगितलं होतं, अशा कागदांवर विश्वास ठेवू नका, ग्रहण आहे, नुसत्या डोळ्यांनी बघू नका म्हणजे झालं. अल्फान्सो म्हणाला, फादर अजून तरुण आहे. आणि मी शहाणी, फादरला सोडून अल्फान्सोचं खरं धरलं! मायला ते पत्रक मी तीन वेळा मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हात जोडून ऐकत होती. तिसऱ्या वेळी म्हणाली, "बरं. मेणबत्त्या आहेत आपल्याकडे दोन."

शनिवारी सकाळी मी तीन दिवसांचं पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, खिडक्यांवर गोधड्या ठोकल्या. जॉन पहाटेच कामावर गेला होता, तीनला सुटणार होता. त्याला मी म्हटलं होतं, जाऊ नकोस. तो हसला आणि निघून गेला. मग मी मागे जाऊन सुलक्षणाला सांगून आले, "आजपासून तीन दिवस आमचं दार उघडणार नाही. काही लागलं तर दुसरीकडे बघ." पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. ते तोंड मला अजून आठवतं आणि माझाच मला संताप येतो.

दोनला मी कडी घातली. गोधड्यांमुळे आत आधीच मिट्ट काळोख. त्यात वाडीतली वीज गेली. ती काय, महिन्यातून चारदा जायची, पण त्या दिवशी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मायनं एक मेणबत्ती लावली. आम्ही जपमाळ सुरू केली. फिलू माझ्या मांडीवर. बाहेर कावळे ओरडायला लागले आणि मग एकाएकी गप्प झाले. रस्त्यावर ना सायकल, ना माणूस.

साडेतीन वाजले असतील. समोरच्या वनमालाबाईंच्या दारावर थापा पडल्या. मग सुलक्षणाचा आवाज, "काकी, दार उघडा! कळा येतत माका!" आतून वनमालाबाई ओरडल्या, "अगं, ग्रहणात बाहेर काय आलीस? घरात जा, आडवी हो!" दार काही उघडलं नाही. मग अल्फान्सोच्या दारावर थापा. तिथं आतून नुसता प्रार्थनेचा आवाज वाढला. तिसरं दार आमचं. जिला ती रोज मावशी म्हणायची तिच्या दारात ती सगळ्यांत शेवटी आली, कारण मीच तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

"मावशे! दार उघड गे! माका कळा येतत!"

माय उठली. तिच्या आधी मी दाराशी पोहोचले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सरक," माय म्हणाली.

"माय, ती सुलक्षणा नाही."

"तिचाच आवाज आहे."

"म्हणूनच! पत्रकात काय लिहिलंय? ओळखीच्या आवाजातच हाक मारणार तो."

माय थांबली. विचार करायला लागली. मग मला म्हणाली, "कार्मेन, सैतानाला बाळंतकळा येतात का गं?"

ती चेष्टा करत नव्हती. खरोखर विचारत होती. मी शिकलेली, तेव्हा मला ठाऊक असेल असं तिला वाटलं. मला काय ठाऊक? दारापलीकडे सुलक्षणा खाली बसली असावी. थापा आता खालून येत होत्या, आणि मधेच एक लांब कण्हणं. फिलू रडायला लागली.

"माय, माझी पोरगी आहे घरात," मी म्हटलं. "दार उघडलं तर आपण सगळे मरू. हिच्यासाठी तरी नको."

"आणि जॉन?"

"जॉनचं काय?"

"तीनला सुटतो तो. वाटेत असेल. आता दारात येऊन हाक मारली तर तू उघडणार नाहीस? माझ्या पोराला?"

पत्रकाप्रमाणं उत्तर एकच होतं आणि ते मी दिलं. "नाही उघडणार." माय माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मेणबत्तीच्या उजेडात तिचे डोळे भरलेले दिसले, आणि मला वाटलं, आता ही मला थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"जलप्रलयाच्या वेळी नोहाच्या तारवाचं दार कुणी लावलं होतं?" तिनं विचारलं.

आता ही वेळ आहे का धर्मशिक्षणाची? मी म्हटलं, "नोहानं."

"नाही. देवानं. बाहेरून. लहानपणी आम्हाला सिस्टरनी सांगितलं होतं ते मी विसरले नाही. नोहाला लाकडं दिली, मापं दिली, कुठलं जनावर कुठं ठेवायचं ते दिलं. कडी नाही दिली त्याच्या हातात. दार लावायचं काम देवानं स्वतःकडे ठेवलं. माणसाच्या हातात दिलं नाही. का दिलं नसेल?"

मी दाराला आणखीच घट्ट टेकले.

"बायबलातल्या त्या राहाबेचं तसंच. सगळं शहर पडलं, तिचं एकटीचं घर उभं राहिलं. पण त्या घरात होतं कोण? तिनं हाक मारून आत घेतलेली माणसं. देवानं तिला राखलं ते दार लावून एकटी बसली म्हणून नाही गं. आता सरक. दार लावायचं असेल तर तो लावील. मी नाही लावणार, आणि तूही नाही."

मी सरकले नाही. खोटं कशाला बोलू? तिनं माझा दंड धरून मला बाजूला केलं. इतका जोर त्या बाईच्या हातात कुठून आला, देव जाणे. मग फिलूच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस केला, दुसरी मेणबत्ती पेटवून माझ्या हातात दिली.

"या दोन्ही इथंच राहू देत. पोरीला लागतील."

"आणि तुला?"

"माझे हात मोकळे पाहिजेत," ती म्हणाली आणि तिनं कडी काढली.

मी डोळे मिटून घेतले. फिलूचं तोंड छातीशी दाबलं. बाहेरून मायचा आवाज आला, "उठ बाय, माझ्या खांद्यावर हात टाक." आणि मग मला म्हणाली, "तुला भीती वाटते ना? मी गेल्यावर लाव कडी." दार ओढून घेतल्याचा आवाज आला. आणि ऐका, मी लावली कडी. माझ्या सासूच्या पाठीमागे, पोटुशी पोर तिच्या खांद्यावर असताना, मी माझ्या हातानं कडी लावली.

मी मेले नाही. फिलूही नाही. पाच-सात मिनिटं गेली तरी आम्ही दोघी धडधाकट होतो. तेव्हा कुठे मला धीर आला, आणि मी गोधडीचा एक कोपरा उचलला. बाहेर काळोख नव्हताच. काळोख होता तो माझ्या घरात, मी ठोकून केलेला. बाहेर संध्याकाळीही नसतो असा मळकट, तांब्याच्या भांड्यासारखा उजेड पसरला होता, आणि चिंचेखाली जमिनीवर पानांतून पडलेल्या उन्हाच्या बारीक बारीक चंद्रकोरी हलत होत्या. पाहिलं की भीती वाटावी असंच होतं ते. त्या उजेडातून माय चालली होती. कोपऱ्यावर भाजीवाल्याची हातगाडी उभी असायची, तिच्यावर गोणपाटं अंथरून तिनं सुलक्षणाला निजवलं होतं आणि गाडी एकटी ढकलत होती.

गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटलेली. तिथं चाक रुतलं. मायनं दोनदा ढकलून पाहिलं, गाडी हलेना. तिनं सभोवार बंद दारांकडे पाहिलं. हाक मारली नाही कुणाला. लुगडं वर खोचलं, पाठ गाडीला लावली, पाय रोवले आणि उलट्या बाजूनं रेटा दिला. तिसऱ्या रेट्याला चाक निघालं. तिची एक चप्पल गटारात पडली. ती वाकली नाही, तशीच पुढे गेली. इतक्या बंद दारांआड आम्ही इतकी माणसं, आणि आमच्यातलं एक माणूस बाहेर आलं नाही. मीसुद्धा नाही. वाडीत त्या वेळी देवाचं माणूस म्हणावं असं एकच होतं आणि ते गाडी ढकलत होतं.

मग मी काय केलं म्हणता? बसले. जपमाळ हातात होती, पण शब्द सुटत नव्हते. थोड्या वेळानं कोंबडे आरवले. फटीतून खरा उजेड आला. आणि दारावर थाप पडली.

"कार्मेन, उघड गं! भूक लागलीय यार!"

जॉनचा आवाज. मी एका झटक्यात कडी काढली. पत्रक आठवलं नाही, सैतान आठवला नाही, काही काही आठवलं नाही. दार उघडून त्याला बघितल्यावर मग लक्षात आलं की मी काय केलं. नवऱ्याचा आवाज आला तर विचारसुद्धा न करता उघडलं! आणि त्या पोरीला? मी फिलूला त्याच्या हातात कोंबलं आणि धावत सुटले. तो मागून ओरडत राहिला, काय झालं, काय झालं. काय सांगणार होते मी त्याला?

प्रसूतिगृह मैलभर लांब, सहारच्या वाटेवर. रस्त्यात आता एकेक माणूस बाहेर पडत होतं, आंघोळी चालल्या होत्या, दुकानांच्या फळ्या निघत होत्या. प्रसूतिगृहाच्या दारात हातगाडी उभी दिसली. आत बाकावर माय बसली होती. एक पाय अनवाणी, अंगठा फुटलेला. दोन्ही तळहात सोलून निघाले होते. ते तिनं मांडीवर उताणे ठेवले होते आणि ओठ हलत होते. मी तिच्या पायांशी बसले. ती थोडी बाजूला सरकली आणि तिनं बाकावर जागा केली.

तासाभरानं नर्सबाई बाहेर आली. पोट उघडून बाळ काढलं होतं. मुलगी. दोघी सुखरूप. नर्सबाई म्हणाली, "अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाताला लागली नसती. कोणी आणलं हिला? गाडीवाला कुठं गेला?"

"गाडीवाला मीच," माय म्हणाली.

संध्याकाळी गुणाजी आला. कारखान्यात निरोप पोहोचायलाच पाच वाजले होते. त्यानं मायचे पाय धरले आणि मोठ्यानं रडायला लागला. मायला असलं काही खपत नसे. "ऊठ रे, हात धू आधी आणि पोरीला बघ," म्हणून तिनं त्याला आत पिटाळलं. मग मला म्हणाली, "चल. भाजीवाला सकाळी गाडी शोधत बसेल."

रिकामी गाडी घेऊन आम्ही दोघी निघालो. तिच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या, तरी दांडा तिनं सोडला नाही. अर्धा रस्ता संपला. मनात एकच चाललं होतं. माय मुळात शहाणी, तिनं त्या पत्रकावर कधी विश्वास ठेवलाच नसणार. तिला ठाऊकच असणार की नुसतं ग्रहण आहे, होणार काही नाही. मी मूर्ख, म्हणून घाबरले. ती हुशार, म्हणून गेली. असं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. मूर्खपणाची माफी मागता येते.

म्हणून मी विचारलं, "माय, तुला आधीपासून माहीत होतं ना? ते पत्रक खोटं आहे म्हणून?"

माय थांबली. "खोटं आहे ते?"

"अगं, खोटंच ना! उजेड नाही का आला?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "तू तीन वेळा वाचून दाखवलंस. मी सगळं खरं धरलं. अक्षर न् अक्षर."

"म्हणजे कडी काढताना—"

"वाटलं, आता मेले. उंबऱ्यात पाय टाकला तेव्हा वाटलं. गल्लीच्या तोंडाशी वाटलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता."

"आणि तरी गेलीस?"

तिला माझा प्रश्नच समजला नाही असं तिचं तोंड झालं. "देव आपल्याला राखतो, एवढं मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरात राखील की रस्त्यात, जिवंत ठेवून राखील की उचलून नेऊन राखील, ते त्यानं बघावं. मी कशाला बघू? ती पोर कळा देत होती."

भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागले.

माय म्हणाली, "रडतेस काय उभी राहून? ढकल गाडी. लोकाची आहे."